जुनी जोडी हरली नव्हती

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. सांगायची वेळ बऱ्याचदा आली, दर वेळी मी विषय बदलला. नारायणगावात आम्ही काही जण रविवारी एकत्र बसून गाणं ऐकायचो. त्यांतले जे दोघेतिघे अजून आहेत ते भेटले की कधीतरी म्हणतात, "त्या दिवशी नव्या स्पीकरांनी जुन्यांना कसं धुतलं, आठवतंय का?" मी मान हलवतो. आता मान हलवायचाही कंटाळा आलाय. त्या दिवशी जुनी जोडी हरली नव्हती. काय झालं होतं ते मला एकट्याला माहीत आहे, म्हणून लिहून ठेवतो.

मी मूळचा शिनोलीचा. घोडेगावात मामांच्या हाताखाली घरांचं वायरिंग शिकलो, पुढे आयटीआय केलं, आणि खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना उभ्या राहत होत्या तेव्हा केबल जोडणाऱ्यांमध्ये लागलो. राहायला नारायणगावात खोली होती. कामावर माझा हुद्दा साधा होता, पण गावात मान शास्त्रज्ञाचा मिळायचा. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या यायला लागल्या की बोलावणं मला. मीही तो मान कधी नाकारला नाही. "आकाशातून येणारा तो आवाज इतका बारीक असतो की केबलचा एक जोड चुकला तर सगळं वाया," असं मी चहाच्या टपरीवर ऐटीत सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे. मिस्त्री तेवढे हसायचे.

मिस्त्री वारूळवाडीचे, बौद्ध घरातले. भाऊ शेती करायचे. यांनी टपालाने अभ्यासक्रम मागवून रेडिओ शिकून घेतला आणि एसटी स्टँडजवळ पत्र्याचं दुकान टाकलं. रेडिओ, टेप, लग्नातले अँप्लिफायर, सगळं दुरुस्त करायचे. गडी बारीक, चष्म्याला एका बाजूने दोरा. त्यांचा एक गुण मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. बिघडलेला रेडिओ उघडायच्या आधी ते दोन मिनिटं डोळे मिटून नुसते ऐकायचे आणि मग नेमका तोच भाग काढायचे. मीटर नंतर लावायचे, गिऱ्हाइकाची खात्री पटावी म्हणून.

तिसरे शेठ. कापडाचं मोठं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून येऊन इथे स्थायिक झालेले, शेठ स्वतः बोलायला आमच्यासारखेच. त्यांना गाण्याचं वेड होतं. दुकानावरच्या माडीत गाद्या-तक्के घातलेले, एका भिंतीला रेकॉर्डी. रविवारी दुपारी तिथे सात-आठ जण जमायचो, त्यांत बँकेतले एक साहेब आणि टोमॅटोचे एक आडतदारही असायचे. शेठ सूर्यास्तानंतर जेवत नसत, त्यामुळे बैठक उन्हं कलली की संपायची. खालून जेवायची हाक आली की गाणं कितीही रंगलेलं असो, शेठ निमूटपणे उठून रेकॉर्डवरची सुई उचलायचे. रेकॉर्डवरच्या बाई गाता गाता अर्ध्या तानेत थांबायच्या. आम्हाला त्याची सवय झाली होती.

शेठांनी मुंबईतल्या एका बंद होणाऱ्या घरातून विलायती स्पीकरांची एक जोडी आणली. कपाटाएवढी, अक्रोडी लाकडाची. ट्रकमधून उतरवून लावली तर नुसता खरखराट. आतल्या पडद्यांच्या कडेचा फोम कुजून त्याचा भुगा झाला होता. पुण्याच्या दुकानदाराने सांगितलं, याचे भाग आता मिळत नाहीत, मॉडेल जुनं झालं. शेठ हिरमुसले. तेव्हा मीच म्हटलं, मिस्त्रींना एकदा दाखवू.

मिस्त्रींनी तीन महिने घेतले. शेठांच्याच दुकानातली पातळ मलमल कापून, तिला सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन अगदी विरळ करून लावून, त्यांनी त्या कडा नव्याने बनवल्या. किती थर द्यायचे हे ते बोटाने पडदा दाबून आणि कान लावून ठरवायचे. मी संध्याकाळी खोडदहून आलो की त्यांच्या दुकानात बसायचो. सोल्यूशनचा वास डोक्यात चढायचा. ते एका स्पीकरला थोरली म्हणायचे आणि दुसऱ्याला धाकटी.

"थोरली मोकळ्या गळ्याची हाय, भाऊ. धाकटी जरा लाजती. तिला आजून एक थर कमी पायजे."

"दोन्ही एकाच कारखान्यातल्या ना?"

"तुमी अन् तुमचा भाऊ एकाच घरातले न्हाई का? मग?"

ज्या दिवशी ती जोडी माडीवर पहिल्यांदा वाजली तो दिवस मी विसरणार नाही. एका बाईंचा ख्याल लावला होता. दोन स्पीकर दोन कोपऱ्यांत, आणि बाई मात्र मधल्या रिकाम्या जागेत उभ्या राहून गातायत असं वाटलं. शेठांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याआधी मिस्त्री दुकानाच्या पायरीवरूनच काम घेऊन जायचे आणि पायरीवरच परत द्यायचे. स्पीकरच्या निमित्ताने ते माडी चढले. त्या रविवारीही ते दाराशीच बसले होते. शेठ म्हणाले, "मिस्त्री, तिथून काय ऐकणार? इकडे मधोमध या. आवाज बरोबर आहे का ते तुम्ही सांगायचं." पुढे चार वर्षं ती मधली जागा त्यांची होती. कुणी नवा पाहुणा चुकून तिथे बसला तर बँकेतले साहेब त्याला उठवायचे.

मग शेठांच्या जावयांनी पुण्याहून एक नवी जोडी आणवली. कंपनी तीच, मॉडेल वीसेक वर्षांनंतरचं. उंच, सडपातळ, काळी चकचकीत. आठ दिवस ऐका, पसंत पडली तर ठेवा आणि जुनी बदल्यात द्या, असं बोलणं झालं होतं. माडीवर दोन जोड्यांना कायमची जागा नव्हती. एक जायची होती.

त्या आठवड्यात जो तो मत द्यायला लागला. टोमॅटोचे आडतदार म्हणाले, "शेठ, आमचे शेतकरी दर वर्षी नवं बियाणं लावतात. जुनं कवटाळून काय करायचं?"

"आडतदार, तुमचा टोमॅटो चार दिसांत सडतोय," मिस्त्री म्हणाले. "ह्यो आवाज वीस वर्सं टिकलाय."

"टिकलाय कुठं? तुम्ही पंक्चर काढलंत म्हणून!"

सगळे हसले, मिस्त्रीही हसले. पण परत जाताना मला म्हणाले, "नवं वाईट असतं असं न्हाई, भाऊ. मी काल ऐकलं. सतारीवर नखी घासल्याला सुदिक ऐकू येतं त्यात. लई बारीक काम हाय. पण उद्या ते बिघडलं तर? थोरलीच्या पोटात माजा हात जातो. त्या काळीच्या पोटात कुणाचा जाणार?"

त्यांना एवढं लागण्याचं आणखी एक कारण होतं. त्यांना स्वतःची जोडी बनवायची होती. जुनीच्या मापावरून, सगळं लाकूडकाम आपल्या हातचं. कॅलेंडरच्या पानांमागे त्यांनी आकृत्या काढून ठेवल्या होत्या आणि चांगल्या प्लायचे चार तक्तेही आणून भिंतीला उभे केले होते. शेठांना ते ठाऊक होतं. ते म्हणाले, "जुनी पसंत पडली तर मंचरला भावाच्या नव्या बंगल्यात तुमच्या हातची जोडी लागेल, मिस्त्री. माझा शब्द." म्हणजे त्या रविवारी निवड दोन जोड्यांतली असली, तरी मिस्त्रींचं पुढचं आयुष्य कसं जाणार तेही ठरणार होतं. आम्हा सगळ्यांना ते कळत होतं.

परीक्षा पडद्याआड घ्यायची ही कल्पना माझी. डोळ्यांना नवं चकचकीत दिसलं की कानही तिकडेच झुकतात, म्हणून दोन्ही जोड्या झाकायच्या, असं मी शास्त्रज्ञाच्या थाटात सांगितलं. शेठांनी मलमलीचा अख्खा तागा उलगडून माडीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगला. मी एकट्याने पडद्यामागे बसून अँप्लिफायरचं बटण फिरवायचं. एक नंबर, दोन नंबर, एवढंच बोलायचं. प्रत्येकाला दुकानातलं शर्टाचं एक बटण द्यायचं आणि समोरच्या दोन वाट्यांपैकी एकीत टाकायला लावायचं.

आता तारांविषयी. दोन्ही जोड्या मांडायला जागा हलवल्यामुळे जुन्या जोडीला लांब तारा लागल्या. पंख्याला वापरतात तशी जोडतार होती, दोन्ही पदर पांढरे. कुठला पदर अधिकचा आणि कुठला उण्याचा ते ओळखायला मिस्त्री अधिकच्या पदराला दोन्ही टोकांशी एकेक गाठ मारायचे. एक तार त्यांनी दोन्हीकडून जोडली. दुसरी धाकटीच्या पाठीला जोडली, आणि तिचं अँप्लिफायरकडचं टोक राहिलं असताना शेठ म्हणाले, "मिस्त्री, आता तुम्ही बाहेर या. नाहीतर लोक म्हणतील आतून काही करून ठेवलं."

"बरं झालं बोलले," आडतदार म्हणाले, "मीच म्हणणार होतो."

मिस्त्री बाहेर गेले. ते राहिलेलं टोक मी जोडलं. मामांनी मला वायरिंग शिकवताना एक रीत लावून दिली होती: ज्या तारेला हात लागला तरी झटका बसत नाही तिला गाठ मारायची. गाठ म्हणजे उणे. वीस वर्षं माझे हात तसेच चालले होते. अँप्लिफायरच्या मागे अंधार, दातांत टॉर्च. गाठ बोटाला लागली, मी ती उण्याच्या काळ्या खुंटीत घातली आणि पेच आवळला. शेजारीच मिस्त्रींनी जोडलेली तार होती, तिची गाठ अधिकच्या लाल खुंटीवर. वाकून पाहिलं असतं तर दिसलं असतं. मी वाकलो नाही.

ज्याला हे ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. एका स्पीकरची तार उलटी लागली की दोघांच्या आतले पडदे एकमेकांच्या विरुद्ध हलतात. एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. आवाज बंद पडत नाही, म्हणून चूक पटकन कळत नाही. पण खर्ज नाहीसा होतो आणि मधोमध काही उभं राहत नाही. मी पडद्यामागे स्पीकरांच्या कुशीत बसलो होतो, मला तिथून काही कळणं शक्य नव्हतं.

तोच ख्याल लावला. एक नंबर जुनी, दोन नंबर नवी. दोन-तीनदा आलटून पालटून झाल्यावर बाहेरून मिस्त्रींचा आवाज आला.

"एक नंबरला काय झालंय? बाई मधी उभ्याच राहत न्हाईत. भिंतीत शिरल्यावानी वाटतंय. अन् डग्गा कुठं गेला?"

"मिस्त्री, बोलायचं नाही, बटण टाकायचं," बँकेतले साहेब म्हणाले.

मिस्त्रींनी दुखणं अगदी नेमकं सांगितलं होतं. असं का होतं हे मला शिकवलेलं होतं, परीक्षेत आलेलं होतं. पण ते माझ्या हातून झालं असेल असं मनातच आलं नाही. मला वाटलं, बोलायला नको होतं यांनी, आपल्याच जोडीला नाव ठेवतायत.

पडदा काढला तेव्हा आठही बटणं दोन नंबरच्या वाटीत होती. आठातलं एक मिस्त्रींचं.

सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले. मग मिस्त्रीच हसले. "माज्या पोरींना मीच नापास केलं की, राव!" सगळे मोकळे झाले, टाळ्या पडल्या. आडतदारांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, "माणूस प्रामाणिक बरं का!" शेठांनी स्वतःच्या हाताने त्यांना सरबत दिलं. मिस्त्रींनी ते घेतलं आणि थोरलीच्या लाकडावर हात ठेवून उभे राहिले. ताप आलाय का बघावं तसा हात.

जिना उतरताना ते मला म्हणाले, "चार वर्सं मी मायेनं ऐकत व्हतो, भाऊ. कानानं न्हाई. आज डोळ्याम्होरं न्हवत्या, तर खरं कळलं."

मी म्हटलं, "असं कसं? नवं ते नवं असतं."

खालून जेवायची हाक आली, माणसं पांगली. आवरायला मी एकटा माडीवर राहिलो. खिडकीतून कलती उन्हं थेट अँप्लिफायरच्या पाठीवर पडली होती. तारा सोडवायला हात घातला आणि दोन गाठी शेजारी शेजारी दिसल्या. एक लाल खुंटीवर, एक काळीवर.

मी तार सरळ केली. अगदी हळू आवाजात तोच ख्याल लावला आणि मिस्त्रींच्या जागेवर जाऊन बसलो. बाई मधोमध उभ्या राहिल्या. मी सुई उचलली, तारा गुंडाळल्या आणि खाली गेलो. शेठ जेवत होते. म्हणाले, "झालं सगळं?" मी म्हटलं, "झालं."

जुनी जोडी न्यायला पुण्याची गाडी मंगळवारी यायची होती. माझ्याकडे दोन दिवस होते. नुसतं जाऊन सांगायचं होतं, तार उलटी होती, परत ऐकू या. सोमवारी कामावर मी केबलचे जोड तपासत होतो आणि डोक्यात एकच, टपरीवरची माणसं काय म्हणतील. आकाशातला आवाज पकडणाऱ्याला पंख्याची तार लावता येईना. खरं सांगायचं तर एवढंच कारण होतं. मनाची समजूत घालायला मी दुसरंही जमवलं, की सरळ तारेनेही नवीच पसंत पडली असती. पडलीही असती, कुणी सांगावं. नवी जोडी उत्तम होती, शेठांनी पुढे बरीच वर्षं ती आनंदाने ऐकली. पण मिस्त्रींचं बटण तरी जुनीच्या वाटीत पडलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मंगळवारी गाडी आली आणि गेली. मी सुट्टी न घेता खोडदला राहिलो.

मिस्त्री त्यानंतर दोन रविवार आले. दोन्ही वेळा दाराशी बसले. शेठांनी मधे बोलावलं तर म्हणाले, "हितं बरं हाय, शेठ. माज्या कानाचा काय भरवसा?" मग येणं बंद झालं. बोलवायला गेलं की काम सांगायचे. हळूहळू दुकानात रेडिओ कमी आणि पाण्याच्या मोटरी जास्त दिसायला लागल्या. मोटर फिरती की न्हाई एवढंच बघायचं, असं म्हणायचे. त्या प्लायच्या तक्त्यांची त्यांनी मुलीच्या पुस्तकांसाठी मांडणी केली. बिघडलेला रेडिओ कुणी आणलाच तर आधी मीटर लावायचे. डोळे मिटून ऐकताना मी त्यांना परत पाहिलं नाही.

आमचं बोलणं मात्र तुटलं नाही. माझ्या मुलाच्या लग्नाला ते तिन्ही दिवस शिनोलीला राहिले, मांडवातलं लाइटचं सगळं त्यांनीच पाहिलं. त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ते पेढे घेऊन आधी माझ्याकडे आले. जितकी माया करत गेले तितकं सांगणं मला अवघड होत गेलं. पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर ती एक चूक ठरली असती. पाच वर्षांनी सांगायचं म्हणजे पाच वर्षं गप्प का बसलो तेही सांगायला हवं होतं.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मिस्त्रींचे हात थरथरायला लागले होते, दुकान बंद केलं होतं. मुलीने घरी एक छोटा सीडी प्लेअर आणि दोन लहान स्पीकर घेऊन दिले होते. मी वारूळवाडीला भेटायला गेलो तर म्हणाले, "बरं आले. तेवढी तार लावून द्या, दुर्बीणवाले. माज्यानं पेच धरवत न्हाई."

जोडतार तीच, पांढरी. टोकाशी गाठ. मी ती बोटांत धरली आणि विचारलं, "मिस्त्री, गाठ कशाची?"

"अधिकची. आपली पहिल्यापासून तीच रीत." मग हसून म्हणाले, "इतकी वर्सं माज्या दुकानात बसला अन् एवढं ठावं न्हाई?"

मी चारही टोकं नीट बघून जोडली. त्यांनी बासरी लावली. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. त्या प्लायच्या मांडणीवर दोन स्पीकर ठेवलेले, समोर खाटेवर आम्ही दोघं. मिस्त्रींनी डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मधोमध उभा राहिला बगा, बासरीवाला."

"राहिला."

"एक विचारू का, भाऊ? त्या दिसाचं. माजा कान तवा खरंच गेला व्हता का वो?"

याहून सोपं करून कुणी विचारलं नसतं. दार त्यांनीच उघडून दिलं होतं. मी म्हटलं, "नाही, मिस्त्री. तुमचा कान चांगला होता." एवढंच. पुढचं वाक्य तोंडाशी आलं होतं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं, मी मन राखायला बोलतोय असं त्यांना वाटलं, आणि म्हणाले, "तुमी लई चांगले, राव." वहिनी चहा घेऊन आल्या. मी चहा प्यालो.

पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. त्याआधी मी आणखी दोनदा घरातून निघालो होतो. एकदा वारूळवाडीच्या फाट्यावरून परत फिरलो, एकदा त्यांच्या अंगणापर्यंत गेलो आणि बाहेरूनच तब्येत विचारून आलो. काय बोलायचं ते मात्र वाटेत दोन्ही वेळा पाठ केलं होतं. मोठं नव्हतं. मिस्त्री, त्या रविवारी धाकटीची तार मी उलटी लावली होती. गाठ तुमची होती आणि चूक माझी. बाई मधी उभ्या राहत नाहीत हे त्या माडीवर फक्त तुम्ही ओळखलंत, आणि ते बरोबर होतं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि मी गप्प बसलो. मला माफ करा.